स्क्रीनवरचा रंग कागदावर कसा उतरवायचा: नागपूरच्या नव्या फोटोग्राफर आणि अल्बम डिझायनरांसाठी

हळदीच्या फोटोतला पिवळा तुमच्या मॉनिटरवर लखलखीत दिसतो. अल्बम छापून आला की तोच पिवळा मातकट होतो आणि नवरीच्या भावाच्या मोबाइलवर तिसराच काहीतरी दिसतो. अशा वेळी बहुतेक जण लॅबला दोष देतात, नाहीतर पुढच्या वेळी फोटो अंदाजाने थोडा ब्राइट करून पाठवतात. दोन्ही उपायांनी गोंधळ वाढतो, कारण नेमकी चूक कुठे आहे हे कधी कळतच नाही.

यात क्रम पाळावा लागतो. आधी मॉनिटर ठरावीक स्थितीत आणायचा, मग फाइलमध्ये योग्य प्रोफाइल (रंगांच्या आकड्यांचा अर्थ सांगणारी माहिती) आहे याची खात्री करायची आणि प्रिंटला हात सगळ्यात शेवटी लावायचा. प्रिंट पाहून मॉनिटरची बटणं फिरवत बसलात, तर एका लॅबशी जमेल आणि दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

आधी एवढं जमवा

- आयपीएस पॅनेलचा मॉनिटर, जो एसआरजीबीचे (वेब आणि बहुतेक लॅब वापरतात त्या रंगविस्ताराचे) रंग जवळपास पूर्ण दाखवतो
- कॅलिब्रेटर (स्क्रीनला टेकवून तिचे रंग मोजणारं उपकरण): डेटाकलरचा स्पायडर किंवा कॅलिब्राइटचा डिस्प्ले मालिकेतला कोणताही. दोघातिघांनी मिळून घेतला तरी चालतो, कारण रोज लागत नाही
- कॅलिब्रेटरसोबतचं सॉफ्टवेअर किंवा मोफत मिळणारं डिस्प्लेकॅल
- ५००० केल्विनचा, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९० किंवा त्याहून जास्त असलेला एक एलईडी दिवा
- ग्रे कार्ड
- तुमच्या लॅबचं आयसीसी प्रोफाइल (तिच्या मशीन आणि कागदाच्या रंगांची माहिती देणारी फाइल), किंवा निदान 'एसआरजीबी पाठवा' असं लॅबचं स्पष्ट उत्तर
- स्वतःची एक टेस्ट फाइल (ती कशी करायची ते पाचव्या टप्प्यात)

१. खोलीतला उजेड आवरा

नागपुरात मार्च ते जून दुपारी खिडकीतून येणारा उजेड इतका प्रखर असतो की मॉनिटरचा ब्राइटनेस आपोआप वर जातो आणि तो संध्याकाळी खाली आणायचं राहून जातं. खिडकी तुमच्या समोर किंवा पाठीमागे नको, बाजूला असावी, आणि तिला जाड पडदा हवा. भिंत गडद केशरी, हिरवी वगैरे असेल तर तिचा रंग तुमच्या नजरेवर परिणाम करतो. मॉनिटरमागची भिंत पांढरट किंवा करडी ठेवा. डेस्कटॉपचा वॉलपेपरही साधा करडाच ठेवा. रंगीत वॉलपेपरशेजारी फोटोचा रंग चुकीचा जोखला जातो.

दिवसा आणि रात्री खोलीत सारखाच उजेड राहील असं पाहा. हे जमत नसेल तर रंगाचं अंतिम काम ठरवून एकाच वेळी करा.

२. मॉनिटर निवडा आणि त्याच्या 'सुधारणा' बंद करा

लॅपटॉप घेताना स्पेसिफिकेशनमध्ये '४५ टक्के एनटीएससी' (पॅनेलचा रंगविस्तार मोजायचं जुनं टीव्ही मानक) लिहिलेलं दिसलं तर तो पॅनेल फोटोसाठी सोडून द्या. एसआरजीबीचा विस्तार साधारण ७२ टक्के एनटीएससीएवढा असतो. ४५ टक्केवाल्या पॅनेलवर कुंकवाचा लाल आणि संत्र्याचा नारिंगी फिके दिसतात, तुम्ही सॅच्युरेशन वाढवत जाता आणि प्रिंटमध्ये रंग भडक होऊन येतो. ही उणीव कॅलिब्रेशनने भरून निघत नाही. जो रंग पॅनेलला दाखवताच येत नाही, तो कोणतंही सॉफ्टवेअर दाखवू शकत नाही.

मॉनिटर जोडल्यावर त्याच्या मेन्यूत जाऊन हे करा:

- डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड, लो ब्लू लाइट, आय केअर: सगळं बंद
- पिक्चर मोड 'युजर' किंवा 'कस्टम'. 'मूव्ही', 'गेम', 'व्हिव्हिड' नको
- कलर टेम्परेचर ६५०० के, गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसतात ते ठरवणारा आकडा) २.२
- शार्पनेस कंपनीने दिलेल्या मूळ जागी

विंडोजमधला नाइट लाइट आणि एचडीआर बंद करा. मॅक असेल तर ट्रू टोन, नाइट शिफ्ट आणि आपोआप बदलणारा ब्राइटनेस बंद. एचडीएमआय केबलने जोडलेल्या मॉनिटरवर काळा रंग राखाडी दिसत असेल, तर ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये आउटपुट रेंज 'लिमिटेड' आहे का पाहा. ती 'फुल' करा. कार्ड मॉनिटरला टीव्ही समजून ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढेच आकडे पाठवत असतं, आणि हे कळलं नाही तर माणूस प्रत्येक फोटोचं कॉन्ट्रास्ट उगाच वाढवत राहतो.

३. कॅलिब्रेशन करा

मॉनिटर सुरू करून किमान अर्धा तास जाऊ द्या. पॅनेल तापेपर्यंत उजेड आणि रंग दोन्ही हलत असतात. कॅलिब्रेटर स्क्रीनला पूर्ण टेकला पाहिजे. त्यासाठी मॉनिटर किंचित मागे कलता करा. कुलरच्या झोतात केबल हलून उपकरण सरकतं, तेवढा वेळ झोत दुसरीकडे वळवा.

सॉफ्टवेअरमध्ये ही लक्ष्यं द्या:

- व्हाइट पॉइंट: डी६५ (म्हणजे साधारण ६५०० केल्विनचा पांढरा)
- गॅमा: २.२
- ब्राइटनेस: १०० ते १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटर, खोली अंधारी असेल तर ८० ते १००
- प्रोफाइलचा प्रकार: आयसीसी आवृत्ती २, मॅट्रिक्स. जुन्या सॉफ्टवेअरनाही तो नीट वाचता येतो

पॅनेलचा बॅकलाइट कोणता, असा प्रश्न येईल. साधा मॉनिटर असेल तर 'व्हाइट एलईडी', ॲडोबी आरजीबी (एसआरजीबीहून मोठा रंगविस्तार) दाखवणारा वाइड गॅमट असेल तर त्याचा पर्याय. इथे चुकीचं उत्तर दिलं तर संपूर्ण स्क्रीनला हिरवट किंवा गुलाबी छटा येते.

ब्राइटनेसबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण 'प्रिंट काळी आली' ही तक्रार सर्वाधिक ऐकू येते आणि तिचं मूळ बहुधा इथेच असतं. दुकानातून आणलेला मॉनिटर २५० ते ३०० कॅन्डेलावर चालत असतो. कागद स्वतः उजेड देत नाही, खोलीतला उजेड परत फेकतो, तेवढाच. ३०० कॅन्डेलाच्या स्क्रीनवर पुरेसा उजळ वाटलेला फोटो कागदावर दीड स्टॉप अंधारलेला वाटणं स्वाभाविक आहे. रंग जुळवण्याच्या फंदात पडण्याआधी ब्राइटनेस खाली आणा. पहिले दोन दिवस स्क्रीन मंद वाटेल, मग डोळे रुळतात. बऱ्याच जणांची अर्धी तक्रार या एकाच बदलाने संपते.

कॅलिब्रेटर अजून घेतला नसेल तर निदान एवढं करा: स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी खोलीच्या उजेडात कोरा फोटो पेपर धरा आणि दोन्ही सारखे उजळ वाटेपर्यंत ब्राइटनेस कमी करा. रंग यातून जुळणार नाहीत, पण प्रिंट काळी येणं बरंच थांबेल.

काम संपल्यावर सॉफ्टवेअर प्रोफाइल बसवतं. तरी तपासा: विंडोजच्या सर्चमध्ये 'कलर मॅनेजमेंट' उघडा, तुमचा मॉनिटर निवडा, 'युज माय सेटिंग्ज फॉर धिस डिव्हाइस'वर टिक आहे का आणि नवं प्रोफाइल डिफॉल्ट आहे का ते पाहा. दोन मॉनिटर असतील तर दोघांची प्रोफाइल वेगवेगळी असतात. सॉफ्टवेअरने शेवटी डेल्टा ई (हवा असलेला आणि दिसणारा रंग यांतला फरक) दाखवला तर सरासरी २ च्या आत असणं चांगलं. महिन्यातून एकदा हे पुन्हा करा.

४. सॉफ्टवेअरला नीट सांगून ठेवा

आरजीबीचे आकडे एकटे असतील तर त्यांना काही अर्थ नसतो. लाल २००, हिरवा ३०, निळा ३० हा रंग एसआरजीबीमध्ये वेगळा आणि ॲडोबी आरजीबीमध्ये वेगळा असतो. प्रोफाइल नसलेली फाइल म्हणजे एकक न लिहिलेलं माप: १२ लिहिलं आहे, पण इंच की सेंटिमीटर ते कुणालाच माहीत नाही.

फोटोशॉपमध्ये एडिट मेन्यूतून कलर सेटिंग्ज उघडा (कंट्रोल, शिफ्ट आणि के). वर्किंग स्पेस आरजीबी: एसआरजीबी. पॉलिसीज तिन्ही ठिकाणी 'प्रिझर्व्ह एम्बेडेड प्रोफाइल्स'. खालच्या तिन्ही 'आस्क'च्या चौकोनांवर टिक करा. दर वेळी खिडकी उघडून विचारेल, त्रास वाटेल, पण हाच इशारा तुम्हाला वाचवतो.

पुढे सर्वात महत्त्वाचा फरक. 'असाइन प्रोफाइल' आकडे तसेच ठेवतं आणि त्यांचा अर्थ बदलतं, म्हणून फोटो बदललेला दिसतो. 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' दिसणं शक्य तेवढं तसंच ठेवतं आणि आकडे बदलतं. लॅबसाठी फाइल तयार करताना नेहमी कन्व्हर्टच लागतं. असाइन फक्त तेव्हाच वापरायचं, जेव्हा फाइलला प्रोफाइलच नाही आणि ती मुळात कोणत्या स्पेसमध्ये होती याची तुम्हाला खात्री आहे.

लाइटरूम क्लासिक आतून प्रोफोटोएवढ्या मोठ्या विस्तारात काम करतं, तिथे तुम्हाला काही बदलायचं नाही. एक्सपोर्ट करताना मात्र कलर स्पेस एसआरजीबी निवडा. लाइटरूममधून फोटोशॉपला फाइल प्रोफोटोमध्ये पाठवणार असाल तर १६ बिटच ठेवा. ८ बिटमध्ये आभाळाच्या निळ्यावर पट्टे पडतात. कॅमेऱ्यातल्या कलर स्पेसच्या सेटिंगचा रॉ फाइलवर परिणाम होत नाही, तो फक्त जेपेगसाठी असतो.

अल्बम डिझायनरांनी इथे एक सापळा ओळखायला हवा: बाजारातल्या तयार पीएसडी टेम्पलेट. त्यांतल्या कित्येकांना प्रोफाइलच नसतं, काही सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांच्या मोडमध्ये) केलेल्या असतात. सीएमवायके टेम्पलेटमध्ये फोटो ओढला की त्याचे भडक रंग तिथेच कापले जातात आणि नंतर आरजीबीमध्ये आणूनही परत येत नाहीत. टेम्पलेट उघडल्याबरोबर इमेज मेन्यूतला मोड पाहा. सीएमवायके असेल तर फोटो घालण्याआधी एसआरजीबीमध्ये कन्व्हर्ट करा. १२ बाय ३६ इंचांचा स्प्रेड ३०० डीपीआयला १०,८०० बाय ३,६०० पिक्सेल होतो, तेही त्याच वेळी बघून घ्या.

५. स्वतःची टेस्ट फाइल बनवा

इंटरनेटवर तयार टेस्ट इमेज मिळतात, पण त्यात आपले रंग नसतात. १२ बाय १८ इंचांची एक एसआरजीबी फाइल करा आणि तिच्यात तुमच्याच रॉमधले, ग्रे कार्डवरून व्हाइट बॅलन्स केलेले हे तुकडे लावा:

- काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या चौकोनांची पट्टी, प्रत्येक चौकोनात तिन्ही आकडे समान. या पट्टीला प्रिंटमध्ये कुठलीही छटा दिसली की गडबड लगेच कळते
- गोरा, गव्हाळ आणि सावळा असे तीन चेहरे. आपल्या त्वचेत लाल सर्वात जास्त, हिरवा मधला, निळा सर्वात कमी असा क्रम असतो. तो बिघडला तर चेहरा आजारी दिसतो
- पिवळी आणि काळी मारबत. तान्ह्या पोळ्याच्या दिवशीच्या मिरवणुकीतल्या या दोन पुतळ्यांचे फोटो टेस्टसाठी फार उपयोगी आहेत: पिवळीवर गडद पिवळ्यातला तपशील टिकतो का ते दिसतं आणि काळीवर सावल्या बुजतात का ते
- धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे निळे झेंडे. गडद निळा प्रिंटमध्ये जांभळ्याकडे झुकतो, विशेषतः सीएमवायके छपाईत. दुसरा कुठलाही रंग या बाबतीत एवढा दगा देत नाही
- दीक्षाभूमीचा पांढरा घुमट, उन्हातला. २५० च्या वर गेलेले आकडे कागदावर कोरे येतात
- लाल शालूवरची जर आणि टोपलीतली संत्री

हीच फाइल प्रत्येक लॅबमध्ये, प्रत्येक कागदावर छापायची. तिच्यात नंतर काहीही बदलू नका, नाहीतर तुलनेचा आधारच जातो.

६. लॅबशी बोला

सीताबर्डी असो की इतवारी, काउंटरवर आधी हे विचारून लिहून घ्या:

- मशीन केमिकल पेपरचं आहे, इंकजेट की डिजिटल प्रेस?
- फाइल कोणत्या स्पेसमध्ये हवी? आरजीबी मशीनला सीएमवायके फाइल देऊ नका
- या कागदाचं आयसीसी प्रोफाइल मिळेल का? ग्लॉसी, मॅट, सिल्क आणि मेटॅलिक यांचं प्रत्येकाचं वेगळं असतं
- ऑपरेटर करेक्शन करतो का?

शेवटच्या प्रश्नावर जोर द्या. मिनीलॅबवर ऑपरेटर फोटो बघून डेन्सिटी आणि सायन, मॅजेंटा, यलोची बटणं दाबत असतो, किंवा मशीन आपोआप सुधारणा करतं. साध्या फोटोंना याने मदत होते. तुम्ही मॉनिटर कॅलिब्रेट करून, फाइल जपून तयार केली असेल तर मात्र या करेक्शनने सगळं वाया जातं. हळदीचा फोटो पाहून मशीनला वाटतं पिवळी छटा चुकून आली, आणि ते निळं मिसळून ती काढून टाकतं. ऑर्डरवर 'करेक्शन करू नये' असं लिहा आणि तोंडीही सांगा. टेस्ट फाइल आणि पूर्ण अल्बम दोन्ही त्याच सूचनेखाली छापून घ्या.

प्रोफाइल मिळालं तर फोटोशॉपच्या व्ह्यू मेन्यूत प्रूफ सेटअप, कस्टम इथे ते निवडा. प्रिंट कशी येईल ते असं स्क्रीनवरच पाहणं म्हणजे सॉफ्ट प्रूफ. 'प्रिझर्व्ह आरजीबी नंबर्स'वर टिक नको. ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालू ठेवा. 'सिम्युलेट पेपर कलर' लावलं की फोटो एकदम मेलेला वाटतो, कारण शेजारी स्क्रीनचा शुभ्र पांढरा दिसत असतो. सगळे पॅलेट लपवून, फुल स्क्रीन करून मगच निवाडा करा. आता रिलेटिव्ह कलरिमेट्रिक आणि पर्सेप्च्युअल (कागदाच्या आवाक्याबाहेरचे रंग आत बसवण्याच्या दोन पद्धती) आळीपाळीने लावून शालूच्या चुण्या पाहा. रिलेटिव्हमध्ये चुण्या सपाट होत असतील तर पर्सेप्च्युअल घ्या. बाकी फोटोंना शक्यतो रिलेटिव्हच बरा पडतो. ॲडोबी आरजीबीवरून नेहमीच्या एसआरजीबीमध्ये जाताना पर्सेप्च्युअल निवडूनही काही फरक पडत नाही, कारण त्या प्रोफाइलमध्ये ती सोयच नसते.

सॉफ्ट प्रूफ पाहून केलेले बदल वेगळ्या लेयर ग्रुपमध्ये ठेवा आणि ग्रुपला लॅब व कागदाचं नाव द्या. मूळ फाइलला हात नको.

७. घरच्या प्रिंटरवर छापताना

एप्सनच्या एल८०५ किंवा एल८०५० सारख्या सहा शायांच्या प्रिंटरवर उत्तम प्रिंट निघते, पण रंगाचा निर्णय एकाच ठिकाणी व्हायला हवा. फोटोशॉपच्या प्रिंट खिडकीत 'फोटोशॉप मॅनेजेस कलर्स' निवडून कागदाचं प्रोफाइल द्या, आणि मग प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये जाऊन कलर करेक्शन बंद करा ('नो कलर ॲडजस्टमेंट'). हे दुसरं राहिलं तर रंग दोनदा बदलले जातात आणि चेहरे लालसर-गुलाबी येतात. नव्या माणसाच्या हातून ही चूक हमखास होते.

ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकारही बरोबर निवडा, त्यावर शाईचं प्रमाण ठरतं. स्वस्त रिफिल शाई भरली की कंपनीचं प्रोफाइल निरुपयोगी झालं असं समजा. मग त्या शाईसाठी आणि कागदासाठी वेगळं प्रोफाइल करून घ्यावं लागतं.

नागपूरच्या हवेची दोन टोकं प्रिंटरला सोसावी लागतात. कोरड्या उन्हाळ्यात वापर नसेल तर नोझल सुकतात, तेव्हा दोनचार दिवसांनी एक छोटी रंगीत प्रिंट काढत जा आणि महत्त्वाच्या कामाआधी नोझल चेक करा. उलट खोलीत कुलर चालू असेल तर कागद ओल धरतो, कडा वळतात, शाई उशिरा वाळते. कागद सिलिका जेलच्या पुडीसह बंद पिशवीत ठेवा, लागतील तेवढेच पत्रे बाहेर काढा, आणि प्रिंटर कुलरच्या समोर ठेवू नका. पावसाळ्यातही हीच काळजी.

८. प्रिंट बघायची कशी

डाय शाईची ताजी प्रिंट लगेच जोखू नका, रात्रभर वाळू द्या. तेवढ्यात रंग थोडे सरकतात. मग ५००० केल्विनच्या दिव्याखाली बघा. घरगुती ट्यूबलाइट बहुधा ६५०० केल्विनची आणि सीआरआय ८० च्या आसपासची असते, तिच्याखाली लाल मंद आणि त्वचा फिकट दिसते. ग्राहकाला अल्बम त्याच्याच घरच्या उजेडात बघायचा आहे, त्यामुळे शेवटी एकदा पिवळ्या बल्बखाली आणि एकदा दाराशी दिवसाच्या उजेडातही पाहून घ्या. करडी पट्टी एका दिव्याखाली स्वच्छ आणि दुसऱ्याखाली हिरवट दिसली तर दोष फाइलचा नाही, शाई आणि दिवा यांचा आहे.

प्रिंट बिघडलेली दिसली तर या क्रमाने शोधा:

- सगळं काळपट, पण छटा नाही: मॉनिटरचा ब्राइटनेस जास्त आहे
- सगळं फिकट, मंद: ॲडोबी आरजीबीची फाइल प्रोफाइलशिवाय गेली आहे
- सगळीकडे एकच छटा: लॅबचं करेक्शन, चुकीचं पेपर प्रोफाइल किंवा बंद नोझल
- चेहरे लालसर, बाकी ठीक: ड्रायव्हरमधलं कलर करेक्शन चालूच राहिलं
- फक्त भडक निळा किंवा नारिंगी बदलला: तो रंग त्या कागदाच्या आवाक्याबाहेर आहे. सॉफ्ट प्रूफमध्ये त्या रंगाचं सॅच्युरेशन थोडं कमी करा, तपशील तरी वाचेल

लॅमिनेशन करणार असाल तर लॅमिनेट केलेलीच टेस्ट प्रिंट मागा. मॅट लॅमिनेशनने काळा उथळ होतो, ग्लॉसीने गडद.

९. ग्राहकाला मोबाइलवर पाठवताना

नेहमी प्रोफाइलसह एसआरजीबी जेपेग. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की फाइल लहान केली जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. बऱ्याच फोनवर 'व्हिव्हिड' मोड आधीपासून चालू असतो, म्हणून रंगाची मंजुरी कधीही मोबाइलवर घेऊ नका. अल्बम छापण्याआधी दोन स्प्रेडची छोटी टेस्ट प्रिंट काढा, ग्राहकाला हातात द्या आणि मागच्या बाजूला त्यांची सही घ्या. तिच्यावर तारीख, लॅब, कागद आणि वापरलेलं प्रोफाइल लिहा. मग ती बंद पाकिटात, उन्हापासून दूर ठेवा. अल्बम आल्यावर जुळणी तिच्याशीच करायची आहे.